मोठ्यानं वाचलेल्या कादंबऱ्या : गोतावळा, पाचोळा, धग (आणि कोसलावरून होणारं भांडण गृहीत धरून)

कडीपत्ता

फेब्रुवारीत सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. टीव्ही नको, मोबाइल नको, डोळ्यांना ताण नको. पहिले दोन दिवस त्यांनी गुमान काढले. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "येवढी पुस्तकं आणून ढीग लावतीस, त्यातलं कायतरी मोठ्यानं वाच की."

ढिगात सगळ्यात वर होती आनंद यादवांची 'गोतावळा'. ही मी याआधी दोनदा सुरू करून वीस-पंचवीस पानांत सोडलेली. अख्खी कादंबरी नारबाच्या तोंडून आणि नारबा कागलकडचा, मळ्यावरचा गडी. मी पुण्यात वाढलेली. एकेक ओळ मनातल्या मनात 'आपल्या' मराठीत करून घ्यायची आणि मग पुढं सरकायचं, असं माझं चाललेलं असायचं. आई (म्हणजे सासूबाईच) मात्र कागल तालुक्यातल्याच, तेव्हा म्हटलं हीच घेऊ.

पहिलं पान वाचून संपायच्या आत त्या हसायला लागल्या. "बातम्या सांगालीस व्हय गं?"

मग त्यांनी मला चालीवर आणलं. कुठं दम घ्यायचा, कुठला शब्द ओढायचा, कुठला गिळायचा. दहाएक पानांनंतर चमत्कार म्हणावा तसं झालं, मला अर्थ लावावाच लागेना. जे डोळ्यांना अडत होतं ते कानाला अडतच नव्हतं. या धाग्यात मला खरं तर एवढंच सांगायचंय. या कादंबऱ्या अवघड आहेत असं आपण म्हणतो कारण आपण त्या तोंड मिटून वाचतो.

शब्द अडायचे, नाही असं नाही. एके ठिकाणी 'शिवळ' आला. मी थांबले. आईंनी मुलाच्या दप्तरातली फूटपट्टी मागून घेतली, टेबलावर आडवी धरली. "हे जू." दोन पेन्सिली तिच्या एका टोकाशी उभ्या लावल्या, मधे चार बोटं जागा सोडून. "ह्या शिवळा." त्याच्या बुटाची नाडी घेऊन खालून बांधली. "ही जुपणी. आणि हितं बैलाची मान." असं म्हणून माझं मनगट त्या दोन पेन्सिलींच्या मधे अडकवलं. पुस्तकामागं शब्दार्थ दिले असते तर 'शिवळ : जुवाची खुंटी' असं वाचून मी पुढं गेले असते.

'गोतावळा' १९७१ची. नारबाचं लग्न झालेलं नाही, त्याला आपलं म्हणावं असं माणूस नाही. मळ्यातली बैलं, म्हशी, कुत्री हाच त्याचा गोतावळा. मग मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरं एकेक करून जायला लागतात. गोष्ट एवढीच. पण ती सांगणारा नारबाच असल्यामुळं 'यांत्रिकीकरणाचा ग्रामजीवनावरील परिणाम' असलं वाक्य बोलायला मधे कुणी शहाणा माणूस उभा नाही. नारबाला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. त्याला जे कळत नाही ते आपल्याला कळतं, आणि ते त्याला सांगता येत नाही, याचाच त्रास होतो.

बैलं गेली तो भाग वाचून झाल्यावर आई बराच वेळ गप्प होत्या. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाल्या, "आमच्यात जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत. घरात ठेवत्यात. गावच्या घरात माळ्यावर बघ, अजून हाय एक." त्या दिवशी पुढं वाचलं नाही.

मग 'पाचोळा', रा. रं. बोराडे. हीसुद्धा १९७१चीच, हे मला नंतर लक्षात आलं. गंगाराम शिंपी आणि त्याच्या घराची वाताहत, सांगते त्याची बायको पारबती. इथं गंमत झाली. मला वाटलं आता आई आहेत, काही अडणार नाही. पण दुसऱ्याच पानावर त्यांनी विचारलं, "ही बाई कुठल्या गावची गं?" लातूर-उस्मानाबादकडची बोली त्यांच्या कानाला माझ्याइतकीच परकी! आम्ही दोघी सारख्याच अडाणी. त्यामुळं आमच्या वाचनालयात एका फळीवर 'ग्रामीण' असं रंगवून वर ही सगळी पुस्तकं एकत्र कोंबलीत, त्याचा मला आता राग येतो. कागल आणि लातूर यांचं आपसात जेवढं जमतं तेवढं तर पुण्याचं आणि मुंबईचंही जमतं.

पारबतीला सगळं आधी दिसतं. नवरा कुठं चुकतोय, पोरगं कुठं चाललंय, गावातलं कोण काय डाव टाकतंय. तिचं ऐकणारं कुणी नाही एवढंच. ती रडगाणं गात नाही. शेजारणीशी उंबऱ्यावर बसून बोलावं तसं सांगत जाते, त्यामुळं वाईट गोष्ट घडून गेल्यावर मग आपल्याला कळतं की वाईट झालं. नारबापेक्षा मला पारबती जास्त आवडली. आईंचं मत उलटं, आणि त्यांच्या मताचं कारण बैल हे आहे.

'धग' आम्ही शेवटी घेतली आणि तिनं माझा सगळा सिद्धान्त मोडला. उद्धव शेळके, १९६०. इथं नायिका कौतिक स्वतः सांगत नाही. निवेदन प्रमाण मराठीत, वऱ्हाडी फक्त बोलण्यात. म्हणजे माझ्या हिशेबानं ही दूरची वाटायला हवी. पण तिन्हींत सगळ्यात खोल हीच गेली. नवरा, महादेव, कामाला धड नाही, पुढं त्याला महारोग होतो. पोरं वाढवायची, कुणाच्या वावरात मजुरीला जायचं, पुन्हा उभं राहायचं, पुन्हा काहीतरी कोसळायचं. कौतिक हरत नाही, हरत नाही, हरत नाही, आणि मग मोडते. मी दोन वेळा पुस्तक मिटलं. आईंनी दोन्ही वेळा पुन्हा उघडायला लावलं.

मधल्या वेळात माझ्यापुरतं वाचलेलं : व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' चौथ्यांदा. सुंदरच आहे, पण या तिघींच्या पाठोपाठ वाचली तर गोष्ट सांगणारा मास्तर मधे मधे येतो असं वाटलं. त्याला कधीही बदली मिळू शकते. नारबाला कुठून मिळणार? कृष्णात खोतांची 'रिंगाण' अर्धी झालीय. धरणात गाव उठलेलं, मागं राहिलेली म्हैस रानटी झालेली. ती संपल्यावर लिहीन. आणि नेमाड्यांची 'कोसला' एकोणिसाव्या वर्षी पाठ होती, यंदा चव्वेचाळीसाव्या वर्षी साठ पानांवर ठेवली. 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' यांचा कंटाळा आला. आता मारा.

---

चहाबाज

वाखू (वाचनखूण) साठवली आहे. फूटपट्टीचं जू वाचून आमच्या आजोबांची आठवण आली. ते मोट समजावून सांगताना धोतराचा सोगा वापरायचे, नाडा कुठला आणि सोंदूर कुठला ते अजून लक्षात आहे.

---

ठेचाभाकर

'धग' वर कोणी लिहिलं की मी धावत येतो, माफी असावी.

मी अमरावतीचा. शाळेत निबंधात एकदा 'मले वाटते' लिहिलं होतं, बाईंनी लाल पेनानं असा गोल केला की पानाच्या मागं उमटला. घरी आई 'मले-तुले' बोलते, शाळेत 'मला-तुला' लिहायचं, एवढं दुसरीपर्यंत शिकून झालं. मग कॉलेजात 'धग' हाती आली. आईचं बोलणं छापलेलं! बाइंड केलेलं पुस्तक, त्याला किंमत, लेखकाचं नाव, आणि आत आमच्या मागच्या अंगणात बोलतात ते. मी गोष्ट नंतर वाचली. आधी नुसते संवाद शोधून शोधून वाचले.

तुम्ही म्हणता निवेदन प्रमाण असून कसं भिडलं. मला वाटतं शेळके निवेदनात बोलतच नाहीत. कौतिक कुठं गेली, काय उचललं, काय ठेवलं, एवढंच सांगतात. तिच्याबद्दल हळहळत नाहीत. प्रमाण भाषेचा त्रास ती हळहळायला लागली की होतो.

---

पांडोबा_पळाले

कोसलाबद्दल. भांडत नाही, फक्त एक विचारतो. मणी जाते तिथपर्यंत पोचलात का या वेळी? साठ पानांवर ठेवली म्हणजे नाही.

'वगैरे' ही लकब नाही हो. सांगणाऱ्या पांडुरंगाला एकही गोष्ट पूर्ण म्हणवत नाही, म्हणून तो प्रत्येक वाक्याला वगैरेची शेपटी लावून पळतो. पुण्यातली हॉस्टेलं, गॅदरिंग, मित्र, सगळ्याची टर उडवतो. आणि मग धाकटी बहीण मणी देवीच्या रोगानं मरते, तिथं टर उडवायला जागाच उरत नाही. आधीची पानं कंटाळवाणी वाटली नाहीत तर ती पानं तशी लागणार नाहीत. १९६३ साली हे लिहिणारा माणूस पंचविशीतला होता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या सिद्धान्ताप्रमाणे कोसलासुद्धा मोठ्यानं वाचायची कादंबरी आहे. हॉस्टेलवर आम्ही ती वाचत नव्हतो, ऐकवत होतो.

---

कडीपत्ता

@ठेचाभाकर, 'हळहळत नाहीत' हे अगदी. मला हाच शब्द सापडत नव्हता.

@पांडोबा, नाही पोचले. मुद्दा मान्य. पण 'पुढं एक जबरदस्त प्रसंग आहे म्हणून आधीचा कंटाळा सहन करा' हे मला सासरच्या लग्नपंगतीत सांगतात, तेव्हाही पटत नाही. मोठ्यानं वाचून बघते. आईंना चालेल का शंका आहे. कॉलेजातल्या पोरांचा टवाळपणा ऐकून त्या 'ह्येला घरातनं पैसं कोन धाडतंय?' असंच विचारतील.

---

पांडोबा_पळाले

वडील धाडतात. आणि कोसलाचं निम्मं दुखणं तेच आहे. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

माणदेशी

बनगरवाडीवर अन्याय झालाय, त्याची दुरुस्ती.

मी आटपाडीकडचा. व्यंकटेशतात्यांचं माडगूळ आमच्यापासून जवळ. ती भाषा, ती माती, तो दुष्काळ मला पुस्तकातून कळलेला नाही. मास्तर मधे येतो, त्याला जाता येतं, हे खरं. पण ते लपवलंय का? औंध संस्थानानं पाठवलेला पोरसवदा मास्तर आहे, तो धनगर असल्याचा आव आणत नाही. त्याला वाडीत आधी कुणी विचारत नाही, मग हळूहळू विचारतात, तालीम बांधून होते, राजा येतो, आणि पाऊस येत नाही. वाडी मोकळी होते. मास्तर निघतो ते गाव आधीच निघून गेल्यावर. शाळेत पोरंच नाहीत तर मास्तर करणार काय?

आणि शेकूची बायको विसरलात. पेरायला एकच बैल, दुसरा कुठं मिळेना, तेव्हा ती स्वतः जुवाला खांदा देते. तुमचं मनगट पेन्सिलींत अडकलं ना, तिथं. तो प्रसंग तात्यांनी किती थोडक्यात उरकलाय ते बघा पुन्हा. एक विशेषण जास्तीचं नाही. शेकूच्या तोंडून सांगितला असता तर त्याला ते सांगताच आलं नसतं, लाजेनं. बाहेरचा माणूस म्हणूनच ते मास्तर सांगू शकला. कधी कधी परका लागतो.

---

कडीपत्ता

विसरले नव्हते, पण जू आणि शिवळ हे कळल्यानंतरही या चौथ्या वाचनात मी तो प्रसंग घाईनंच उरकला होता. तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता उठून काढला. याआधी चारदा वाचताना माझ्या डोळ्यांसमोर नुसतं 'बाई नांगर ओढते' असं चित्र होतं, कॅलेंडरवर असतं तसं. आज पहिल्यांदा मान कुठं येते ते दिसलं. शब्द मागं घेते. 'लाजेनं सांगता आलं नसतं' यावर विचार करतेय.

---

विडंबनसम्राट

कादंबऱ्यांचा धागा की सासू-सून मालिका? पुस्तकांबद्दल लिहा की. शैली, रचना, कालखंड वगैरे.

---

ठेचाभाकर

काऊन बापा, तुमची सासू वाचून नाही दाखवू देत का?

---

लातूरची_माय

विडंबनसम्राट यांच्याकडे दुर्लक्ष करून.

'पाचोळा' दिसला म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड शोधायला अर्धा तास गेला. २०२५च्या फेब्रुवारीत बोराडे सर गेले तेव्हा मी पुन्हा वाचली होती. तुमच्या सासूबाईंनी 'ही बाई कुठल्या गावची' विचारलं ते वाचून हसू आलं, कारण लग्न होऊन कोल्हापूरला गेलेल्या माझ्या मावशीला तिथं हेच विचारायचे. ती 'काय करलालास?' म्हणाली की दीर हसायचे. आणि ती त्यांच्या बायकांना हसायची, कारण तिकडं बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात. तुमच्या सासूबाई म्हणतात का?

पारबतीबद्दल एक. ती सगळं बोलते असं वाटतं, पण नीट बघा, नवऱ्यासमोर ती फार कमी बोलते. जे सांगायचं ते आपल्याला सांगते. घरात तिचा आवाज नाहीच. म्हणजे आपण ऐकतोय ते तिच्या घरातल्या कुणीही ऐकलेलं नाही. मला हे तिसऱ्या वाचनात कळलं आणि अंगावर आलं.

---

कडीपत्ता

@लातूरची_माय, हो! 'मी देवळात जाऊन येतो' म्हणतात. लग्नानंतर पहिला महिनाभर मी मागं वळून सासरे आलेत का बघायची.

आणि पारबतीचं तुम्ही म्हणता ते मी पाहिलंच नव्हतं. मी तिला बडबडी समजले. आता पुन्हा वाचणं आलं.

---

खारेवारे

सगळे घाटावरच बसलात, जरा खाली उतरा. गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' कुणीच काढली नाही? अंबावहिनी सांगते, तीही पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या बोलीत. कोकणातलं गाव माणसांवाचून कसं ओस पडत जातं त्याची गोष्ट. १९५५ची, म्हणजे बनगरवाडीच्याच वर्षीची. गोतावळा-पाचोळाच्या सोळा वर्षं आधी एका बाईच्या तोंडी अख्खी कादंबरी बोलीत आहे, पण 'ग्रामीण' फळीवर ती ठेवत नाहीत, कारण बोलणारी ब्राह्मण आहे. बोली फक्त शेतकऱ्याची असते असं कुणी ठरवलं?

माझ्या आजीची भाषा ती. आता आमच्या घरात कुणी तसं बोलत नाही. दापोलीच्या घराला कुलूप आहे, गणपतीत उघडतो. ते पुस्तक मी मोठ्यानं वाचू शकणार नाही, वाचायचा प्रयत्न केला होता.

---

चहाबाज

यातली खरी मजा ही की गोनीदांचा जन्म परतवाड्याचा. विदर्भातला माणूस, आणि कोकणातल्या बाईची बोली कानात अशी धरली की कोकणातले लोक आजी आठवून रडतात. तेव्हा 'आपल्या बोलीतच खरं लिहिता येतं' हेही पूर्ण खरं नाही. कान लागतो.

---

ठेचाभाकर

परतवाडा म्हणजे आमचाच माणूस. पडघवली आता अमरावती जिल्ह्यात धरण्यात यावी.

---

बर्फातला_मराठी

न्यू जर्सीहून. मुलगी पंधरा वर्षांची, मराठी बोलते, वाचत नाही. कॉलेजात असताना घेतलेला 'बनगरवाडी'चा जुना इंग्रजी अनुवाद तिला दिला होता, 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स'. तिनं दोन दिवसांत संपवला, आवडला म्हणाली, आणि विचारलं, यातली माणसं एकमेकांशी आपल्यासारखं बोलतात का वेगळं? इंग्रजीत सगळे सारखेच बोलतात ना. मास्तर, कारभारी, रामोशी, सगळ्यांची एकच इंग्रजी.

हा धागा वाचून काल रात्री तिला मूळ पुस्तकातली पाच पानं मोठ्यानं वाचून दाखवली. माझी बोली नागपूर-पुणे-एडिसन अशी खिचडी, माणदेशी लोक ऐकतील तर जोडा काढतील. निम्मं तिला कळलं नाही. पण कारभारी बोलायला लागला की तिला न सांगता कळत होतं, आता तो बोलतोय. पुढच्या रविवारी पुन्हा पाच पानं ठरलीत. मोठी कादंबरी नाही ती, या वेगानं दिवाळीपर्यंत पोचू.

---

माणदेशी

जोडा नाही काढणार. वाचा बिनधास्त. 'न्हाई' म्हणताना 'ह' नाकातनं काढा, एवढंच.

---

सायसाखर

गडहिंग्लजकडच्या बाजूनं राजन गवसांची 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' सुचवते. पण मोठ्यानं सासूबाईंसमोर वाचाल का ते बघा. देवाला सोडलेल्या मुली आणि जोगत्यांचं जग आहे, विषय जड आहे. माझ्या आईला मी वाचून दाखवायला बसले होते, तिनं मधेच थांबवलं आणि गावातल्या एका बाईचं नाव घेतलं, जिच्याबद्दल आमच्या घरात कधीच कुणी बोललेलं नव्हतं. मग दोन तास ती बोलत होती, पुस्तक तसंच राहिलं.

---

कडीपत्ता

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

'पडघवली' मागवली. @खारेवारे, तुमचा मुद्दा मला बोचला, कारण 'ग्रामीण' फळीवर चिडणारी मीसुद्धा बोली म्हटल्यावर शेतच धरून बसले होते. 'चौंडकं' आधी एकटीनं वाचेन.

'रिंगाण' संपली. मोठ्यानं वाचायला सगळ्यात अवघड हीच गेली, कारण यात माणूस दुसऱ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त बोलतो. तेच तेच वाक्य फिरून येतं, जरा बदलून. पहिल्यांदा मला ती संपादनाची चूक वाटली. मग आई म्हणाल्या, "रानात एकटा मानूस असंच बोलतोय." त्यांनी म्हशीबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त विचारलं, "तिला हाक कशी मारतोय त्यो? परत वाच." तेवढं वाक्य तीनदा वाचायला लावलं. माझं तिन्ही वेळा चुकलं. मग त्यांनी स्वतः मारून दाखवली, चौथ्या मजल्यावर, रात्री साडेनऊला. खालच्या काकांनी फोन केला.

आईंचा नवा चष्मा आलाय. आता तू वाचायची गरज न्हाई म्हणाल्या, 'पाचोळा' घेऊन खोलीत गेल्या. काल पाणी द्यायला गेले तर दार लोटलेलं आणि आतून मोठ्यानं वाचल्याचा आवाज. मी बाहेरच थांबले. पारबतीच बोलत होती, पण अख्खी कागलची होऊन. प्रत्येक वाक्य वाचता वाचता बदलून घेत होत्या.

---

लातूरची_माय

हे चालणार नाही हं! पारबती आमची आहे.

---

ठेचाभाकर

'धग' लपवून ठेवा लवकर. नाहीतर दिवाळीपर्यंत कौतिकही 'मी येतो' म्हणत फिरन.